एप्रिलमध्ये नाशिकचा माल येत नाही

आमच्या दुकानाच्या पाटीवर मोठ्या लाल अक्षरांत 'वाईन्स' लिहिलंय. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा त्या दुकानात वाईन म्हणून एकच जिन्नस होता, गोव्याकडून येणारी गोड पोर्ट, आणि तिच्या बाटल्यांवरही धूळ. बाकी फळ्या रम-व्हिस्कीच्या आणि फ्रीज बियरचा. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. मी एकदा सासऱ्यांना विचारलं, पाटी अशी कशाला लावलीय? ते म्हणाले, "सगलेच लावतान. 'दारू' लिवलं तर बरं दिसल का?"

मी दिवाळे गावची, कोळ्यांची. माझी आई बेलापूरच्या रस्त्याला मासळी घेऊन बसायची आणि मी शेजारी बर्फ फोडायला. सासर खाडीच्या काठानंच थोडं पुढे, शेती आणि मिठागरवाल्यांचं गाव. ती जमीन शहरासाठी गेली, तिचे पैसे आले आणि गावातल्या निम्म्या घरांनी गाड्या घेतल्या. माझ्या सासऱ्यांनी मुंबईतलं एक जुनं दारूचं लायसन विकत घेऊन ते आमच्या घराच्या तळमजल्यावर आणलं. लोकांच्या गाड्या कधीच भंगारात गेल्या. आमचं दुकान चालू आहे.

पोर्ट दोन वेळांना खपायची. नाताळात केक करणारे न्यायचे, आणि गावात कोणी बाळंत झालं की न्यायचे. आमच्याकडे बाळंतिणीला थंडी लागू नये म्हणून चमचाभर ब्रँडी द्यायची रीत. माझ्या सासूचं म्हणणं, ब्रँडी कडक, त्यापेक्षा पोर्ट बरी, द्राक्षाचा रसच तो, दुधातून पोराला बाधत नाय. मला मुलगा झाला तेव्हा ती रोज संध्याकाळी स्टीलच्या वाटीतून मला पोर्ट पाजायची. मला आवडायची. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे सगळे मला विचारायला लागले की पोराला ही सवय लागली कुठून. दुकानातून लागली, मित्रांमुळे लागली, बापाच्या पश्चात लागली. ज्याला जे पटेल ते त्यानं घ्यावं.

मुलगा शाळेत जायला लागला त्या सुमारास नाशिकचा माल आला. भर उन्हात एक टाय घातलेला माणूस तुर्भ्याच्या गोडाऊनमधून टेम्पोबरोबर आला, घामानं निथळत. त्यानं काउंटरवर सहा बाटल्या मांडल्या. नावं अशी की माझ्या मालकांनी दोनदा वाचून बघितली आणि सोडून दिली. तो म्हणाला, नाशिकला आता वाईनची द्राक्षं लावलीत, हीच पुढची लाईन आहे, आणि बाटल्या थंड जागी आडव्या ठेवा, बूच ओलं राहिलं पाहिजे. सासरे हसून हसून बेजार. "पिनारा आडवा होतो ते म्हाईत हाय. बाटली कशाला आडवी करू?"

बाटल्या उभ्याच राहिल्या, वरच्या फळीवर, ट्यूबलाइटच्या खाली. मे महिना. एका गिऱ्हाइकानं परत आणून दिली, म्हणाला, काकडीच्या कोशिंबिरीत घाला. मी घरात नेऊन ग्लासात ओतून वास घेतला. आंबून गेलेली. मला त्यात नवल वाटलं नाही. उन्हात ठेवलेली मासळी काय होते ते मला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी मी माहेराहून मासळीचे थर्माकोलचे दोन खोके आणले, चांगले घासून धुतले, खाली बर्फ, वर गोणपाट, आणि त्यावर त्या बाटल्या आडव्या निजवल्या. मालक म्हणाले, आता काय पापलेट समजून विकतेस का? पण त्या खराब झाल्या नाहीत, हे खरं.

अशी वाईन माझ्याकडे आली. दुकानाच्या बाजूला बोळात उघडणारी एक खोली होती. पूर्वी तिथे भात साठवायचे, आता शेतच नाही तर भात कुठला. मालकांनी तिथे एसी बसवून दिला, मी सुताराकडून आडव्या खणांचं कपाट करून घेतलं, आणि बोळातल्या दारानं टॉवरमधल्या बायका यायला लागल्या. दुकानाच्या पुढच्या जाळीसमोर पुरुषांची रेटारेटी, तिथे कोणती बाई उभी राहील? माझ्याकडे मात्र येऊन बसायच्या, स्टुलावर, पाणी प्यायच्या. शुक्रवारी एक शाळेतल्या मॅडम नेमानं यायच्या. पांढरीच न्यायच्या. माणूस चांगलं, नीटनेटकं, दर दिवाळीला माझ्यासाठी घरच्या करंज्या आणायच्या. मी तेव्हा बघून ठेवलं होतं की वाईन पिणारं माणूस बोळातनं सरळ चालत जातं.

त्यानंतरची काही वर्षं नुसता पूर आला होता. दर महिन्याला नवीन कंपनी, नवीन लेबल, लेबलावर कधी घोडा, कधी किल्ला, कधी गोऱ्या बाईचा चेहरा. दिंडोरीतल्या ज्याला त्याला वाटलं आपणही काढू. दुकानात ठेवायला जागा पुरेना. एकावर एक फुकट द्यायचे. मग एकदमच पाणी ओसरलं. ज्यांच्या बाटल्या उरल्या होत्या त्यांना फोन लावला तर नंबरच बंद. शेवटी दोन-तीन मोठ्या कंपन्या राहिल्या आणि त्यांच्याच बाटल्या वेगवेगळ्या नावांनी येत राहिल्या. लॉकडाऊननंतर पुन्हा मागणी वाढली, इतकी की माल पुरेना. मग किराणा दुकानातसुद्धा वाईन ठेवणार म्हणून चर्चा झाली, माझे दीर चार दिवस जेवले नाहीत नीट, मग तीही चर्चा विझली. आता डब्यांतून येते, कोल्ड्रिंकसारखी. ती मला पटत नाही, पण विकते.

यातलं नाशिककडचं सगळं मला टेम्पोवाल्यानं सांगितलेलं. तो निफाडकडचा, पन्नाशीचा, त्याच्या भावाची वाईनची बाग. माल उतरवताना चहा पीत सांगायचा, "ताई, औंदा छाटनीच्या टायमालाच पाऊस झाला, पांढरी कमी येईल." किंवा, "भावानं बाग तोडली, आता खायची द्राक्षं लावतोय, वाईनवाले हमी देईनात." आणि दर वर्षी एकदा न चुकता, "एप्रिलचं काय खरं नाही हां, साठा करून ठेवा." एप्रिलमध्ये सरकारचं वर्ष बदलतं. बाटल्यांच्या लेबलांना नव्यानं मंजुरी लागते. कधी आठवडा, कधी तीन आठवडे नाशिकचा माल गोडाऊनमध्येच अडकतो. मला आधी त्याचं काही नव्हतं. शुक्रवारच्या मॅडमना सांगायचं, या वेळी नाही हो.

पुढे मात्र मी त्या टेम्पोची अशी वाट बघायला लागले की पेपरात आधी नाशिकचं हवामान वाचायचे. आमच्या भिंती ओल्या झाल्या तरी माझं लक्ष नसायचं, निफाडला गारा पडल्या का ते बघायचे. त्याचं कारण मुलगा.

मालक गेले छातीत कळ येऊन, दुपारी, जेवणाच्या ताटावर. मुलगा तेव्हा कॉलेज संपवून घरीच होता. दिरांनी त्याला दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी गल्ल्यावर बसवलं. लायसन आता दिरांच्या आणि मुलाच्या नावावर. बसला बिचारा. चांगलाच बसला, गोड बोलायचा, कोणाशी भांडण नाही. त्याचं लग्न झालं, उरणची मुलगी, शिकलेली, स्वभावानं तिखट, मला आवडली. नात झाली. आणि या सगळ्यात कधीतरी तो प्यायला लागला. पहिल्यांदा कळलं तेव्हा मी ओरडले, मग रडले, मग जेवण बंद केलं. सगळं करून झालं. तो 'हो' म्हणायचा. त्याचा कधी आवाज चढला नाही. चिडला असता तर मला काही करता आलं असतं.

मग माझ्या डोक्यात ते आलं. माझ्या डोक्यात म्हणजे आमच्या सगळ्या घराच्याच डोक्यात ते पिढ्यांपासून होतं. वाईन म्हणजे काय दारू थोडीच? मी मुलाला म्हटलं, "रम सोड. ती बाटली हातात धरायची नाय. तुला पायजेच असेल तर माझ्या खोलीतली लाल घे, घरात, जेवताना, माझ्यासमोर." सून म्हणाली, "आई, हे काय चाललंय?" मी म्हटलं, "तुला नाय कळायचं. लहान मुलाला अंगावरचं तोडतात तेव्हा वरचं दूध देतातच ना?" मला तेव्हा माझं बोलणं फार शहाणपणाचं वाटलं होतं.

आणि ते चाललं. खरंच चाललं. दीड वर्ष तो संध्याकाळी दुकान दिरांवर टाकून घरी यायचा, हातपाय धुवून बसायचा, मी भाकरी-कालवण वाढायचे आणि शेजारी ग्लासात लाल वाईन ओतायचे. मुलीला मांडीवर घेऊन जेवायचा. कोळंबीच्या कालवणाबरोबर लाल जात नाही म्हणे, मॅडम म्हणायच्या. आमच्याकडे जायची. मी मनात म्हणायचे, बघा, कसा मार्गाला लावला. एका ग्लासाचे दोन झाले, दोनाची बाटली झाली. तरी रम नव्हती ना.

पहिल्या एप्रिलात साठा पुरला होता. मग दुसरा एप्रिल आला. माझ्या खोलीतली लाल संपली. टेम्पोवाल्याला फोन केला, तो म्हणाला, मंजुरी नाही आली, थांबा. मी तुर्भ्याला स्वतः गेले, रिक्षा करून. गोडाऊनमध्ये माल डोळ्यांसमोर रचलेला, छतापर्यंत, आणि तिथला माणूस म्हणतो, हात लावता येणार नाही ताई, वर्ष बदललंय. मी त्याच्याशी भांडले. त्याला वाटलं बाई धंद्यासाठी भांडतेय. मला कसं सांगता येणार होतं की घरात पोरगा संध्याकाळी हातपाय धुवून बसतो आणि मी त्याच्यापुढे काय ठेवू?

त्यानं काही मागितलं नाही. दोन दिवस पाणी पिऊन जेवला. तिसऱ्या दिवशी जेवायलाच आला नाही. खाली दुकान होतं, दुकानात सगळ्या फळ्या भरलेल्या. इकडे आड, तिकडे विहीर असं म्हणतात, इथे तर घराखालीच विहीर. त्या एप्रिलात त्याला बेलापूरच्या हॉस्पिटलात न्यावं लागलं. डोळे पिवळे. पोट फुगलेलं. डॉक्टर बाई तरुण होत्या, माझ्या सुनेच्या वयाच्या. मी त्यांना सांगितलं, एरवी तो वाईनच घेतो हो, हे महिनाभरच. त्यांनी माझ्याकडे बघितलं, रागानं नाही, आणि म्हणाल्या, "आई, लिव्हरला लेबल वाचता येत नाही. यापुढे एक थेंबही गेला तर मी काही करू शकणार नाही. वाईनचासुद्धा."

मला त्या वेळी काय वाटलं असं सुनेनं नंतर विचारलं होतं. काही नाही वाटलं. बर्फात खूप वेळ हात ठेवला की बोटं आपली वाटत नाहीत, लहानपणापासून मला ते माहीत आहे. दिसतात, हलतात, पण आपली नसतात. तसंच झालं आणि ते तसंच राहिलंय.

सून मुलीला घेऊन उरणला गेली. जाताना भांडली नाही. म्हणाली, "आई, तो दुकानात बसतो तवर मी इथे नाय राहनार." तिचं काय चुकलं? मी तिच्या पिशवीत सुके बोंबील बांधून दिले.

मुलगा घरी आला, वाळलेला. महिनाभर पडून होता. मग दीर वर आले आणि म्हणाले, "वैनी, गल्ल्यावर घरचाच मानूस पायजे. नोकर खातान. त्याला बसवा परत." मी म्हटलं, "दुकान विकून टाका." ते माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "बाबांनी जमीन देऊन घेतलेलं लायसन हाय. आज तसलं मिळत नाय कुनाला. आपली भाकर हाय ती." मी म्हटलं, "भाकर हाय का काय हाय ते मना म्हाईत हाय." ते उठून गेले. लायसनवर माझी सही लागत नाही, मग माझ्या बोलण्याला कोण विचारतो? मुलगा दुसऱ्या दिवसापासून पुन्हा खाली जाऊन बसला. म्हणाला, "नाय घेत ग आई. बसतो नुसता." चारी बाजूंनी बाटल्या, आणि मध्ये तो स्टुलावर. मी बोळातल्या खोलीतून भिंतीला कान लावून बसायचे. त्याच्या बोलण्यावरून कळतं मला, घेतलीय की नाही. गेल्या वर्षभरात नाही घेतली, म्हणजे मला कळेल अशी नाही.

मतदानाचं आलं ते याच वर्षी. आपल्याकडे वॉर्डातल्या बायकांनी मागणी केली की दारूचं दुकान बंद करायचं का नाही यावर बायकांचंच मतदान घेतात. पुरुषांना त्यात मत नाही. कागदावर दोन चित्रं असतात, एक बाटली उभी आणि एक आडवी. उभी म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद करा. मागणी केली कोणी? टॉवरमधल्या बायकांनी, आणि पुढे त्या शुक्रवारच्या मॅडम. दुकानासमोर संध्याकाळी पुरुष रस्त्यातच पितात, ट्यूशनहून येणाऱ्या मुलींना त्यातून जावं लागतं. त्यात खोटं काही नव्हतं. सह्या घेत त्या बोळातून चालल्या होत्या तेव्हा मी दारातच होते. मी म्हटलं, "मॅडम, तुमी पन नेताच की." त्या जरा लाजल्या. "ताई, वाईनची गोष्ट वेगळी हो. तुमच्या खोलीबद्दल आमची तक्रार नाहीच आहे." हेच वाक्य मी माझ्या पोराला दीड वर्ष वाढलं होतं.

दिरांनी कायदा विचारून आणला. नुसतं जास्त मतं पडून भागत नाही. यादीत जितक्या बायका आहेत त्यांच्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीला मत द्यायला हवं. म्हणजे जी घरी बसली ती आपोआप उभीच्या बाजूची. दीर खूश झाले. त्यांनी मुळी प्रचारच केला नाही. त्यांनी बस ठरवली. चैत्राचा महिना, कार्ल्याला एकवीरा आईची यात्रा, आमच्या गावातली कोण बाई नाही म्हणेल? जायचा दिवस बरोबर मतदानाचा. जेवण फुकट, देवीची ओटी फुकट, येताना चिक्की. आणि पुढच्या सीटवर मला बसवायचं ठरलं, दुकानवाल्यांच्या घरची थोरली म्हणून.

सकाळी बस देवळापाशी उभी होती. बायका नटून आलेल्या, अबोलीचे गजरे, एकमेकींना जागा धरणं चाललेलं. दीर मला म्हणाले, "वैनी, चला, तुमच्यासाठी थांबलीय." माझ्या हातात ओटीचं ताट होतं, खण, नारळ, तांदूळ. मी ते त्यांच्या बायकोच्या हातात दिलं. म्हटलं, "माझे गुडघे पायऱ्या चढायचे नाहीत. देवीला सांग, मी मागनं येते." दीर म्हणाले, "डोलीत बसवतो तुमाला." मी म्हटलं, "नको." त्यांनी माझ्याकडे एकदा नीट बघितलं, पण सगळ्या गावासमोर थोरल्या भावजयीला काय बोलतात? बस गेली.

शाळेतल्या केंद्रावर रांग होती, पण लांब नव्हती. टॉवर किती, त्यात घरं किती, आणि रांग ही एवढीशी. मॅडम दाराजवळ उभ्या होत्या. मला बघून त्यांचा चेहरा आखडला. म्हणाल्या, "या ताई. तुमचाही हक्कच आहे." बाकीच्या बायकांनी माझ्यापासून जरा अंतर ठेवलं. मी कोणाला काही सांगायला गेले नाही. सांगितलं असतं तरी कोणाला पटलं असतं?

माझ्या मागे येऊन कोणीतरी उभं राहिलं. सून. तिचं नाव अजून आमच्याच यादीत होतं. उरणहून पहाटे निघालेली दिसत होती, केस विस्कटलेले. मला बघून थबकली.

"आई, तुमी एकवीरेला नाय गेलात?"

"नाय."

ती हळू पण स्पष्ट म्हणाली, "मी आडवीला देनार हाय. तुमाला सांगून ठेवते."

"दे."

"तुमी?"

मी पुढे सरकले, कारण माझा नंबर आला होता. आत कागद दिला. चित्रातली बाटली वाईनची नव्हती, आखूड मानेची होती, रमची. मी आडवीवर शिक्का मारला, घडी घातली, पेटीत टाकली. बाहेर आल्यावर सुनेला विचारलं, "पोरगी कुठे हाय?" ती म्हणाली, शाळेत. मी म्हटलं, "बरी हाय ना?" ती म्हणाली, "बरी हाय." आणि ती स्टॅन्डकडे गेली.

त्या दिवशी दुकान बंद होतं, मतदान म्हणून ड्राय डे. मुलगा दिवसभर घरी झोपून होता. इतकं शांत मी त्याला कित्येक महिन्यांत बघितलं नव्हतं. मी बोटाची शाई पीठ मळून घालवायचा प्रयत्न केला. जात नाही ती.

निकाल लागला. ज्या बायका आल्या त्यातल्या जवळजवळ सगळ्यांनी आडवीलाच दिलं होतं, पण आल्याच मुळी थोड्या. निम्म्याच्या आसपाससुद्धा गेलं नाही. बसमध्ये गेलेल्या उभीच्या बाजूला मोजल्या गेल्या, टॉवरमध्ये एसी लावून बसलेल्या उभीच्या बाजूला मोजल्या गेल्या. आमच्या सासूचं नाव यादीतून कोणी काढलं नव्हतं, ती जाऊन किती वर्षं झाली. तीही उभीच्या बाजूलाच.

दिरांनी बोळात फटाक्यांची माळ लावली. पेढे घेऊन वर आले, माझ्या पाया पडले, म्हणाले, "वैनी, देवी पावली." राग त्यांच्यात कधी टिकत नाही. ते खाली गेल्यावर मुलगा पेढ्याचा पुडा घेऊन माझ्यापुढे बसला. अजून फुगलेल्या पोटामुळे त्याला मांडी घालून बसता येत नाही, पाय लांब करून बसला. मी पेढा घ्यायला हात पुढे केला आणि त्याला शाई दिसली.

"तू गेलेलीस?"

"हो."

त्यानं हसायचा प्रयत्न केला. "काकाला म्हाईत नाय वाटतं. उभीला दिलंस ना?"

मी त्याच्याशी आयुष्यात बरंच खोटं बोलले असेन. त्या वेळी जमलं नाही. म्हटलं, "आडवीला."

पेढ्याचा पुडा त्यानं नीट बंद केला, दोरा गुंडाळला. माझ्या बोटाकडे बघत राहिला. मला वाटलं आता हा उठेल, ओरडेल, दिरांना सांगेल. सांगितलं असतं तरी मला चाललं असतं.

"मना मत असतं ना आई," तो म्हणाला, "तर मी पन आडवीलाच दिलं असतं."

खाली टेम्पोचा हॉर्न वाजला. लेबलं मंजूर झाली होती, नाशिकचा माल आला होता. तो भिंतीला धरून उठला, चपला घातल्या आणि खोके उतरवून घ्यायला खाली गेला.